ऑक्टेनचा आकडा आणि कष्टकऱ्याचा खिसा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून गाडीचे मायलेज घटले, अशी ओरड २०२५ साली देशभर झाली. तेव्हा केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या उत्तरात एक शब्द ठळकपणे पुढे करण्यात आला, तो म्हणजे ऑक्टेन. इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५, मूळ पेट्रोलचा ८४.४, म्हणून मिश्रणाचा ऑक्टेन ९५ पर्यंत जातो आणि ई-२० साठी जुळवलेली गाडी जोमाने वेग घेते, असे सांगण्यात आले. आकड्यांबद्दल आमची तक्रार नाही. पण जी गाडी ई-२० साठी जुळवलेलीच नाही, तिच्या मालकाला या आकड्याचा उपयोग काय? हा प्रश्न आम्ही विचारणार आहोत.

त्यासाठी ऑक्टेन म्हणजे काय हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि जाळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला शिस्तीत पसरतो. मात्र दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली की जाळ पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. लोखंडावर हातोडी मारावी तसा खटखट आवाज येतो. मिस्त्री लोक याला नॉकिंग म्हणतात. ओझे घेऊन, वरच्या गिअरमध्ये चढ चढताना तो हमखास ऐकू येतो. असे सतत चालले तर पिस्टनला इजा होते.

अशा अवेळी भडकण्याला इंधन किती विरोध करते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला ० गुण देऊन ही पट्टी ठरवली आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके टिकणारे पेट्रोल. तेव्हा ऑक्टेन हे ताकदीचे माप नव्हे, सहनशक्तीचे माप होय! ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबले जाते त्याला ही सहनशक्ती लागते आणि तेच तिचा फायदा उचलू शकते. नव्या मोटारींत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो, तो ठिणगीची वेळ मागेपुढे करून घेतो. साध्या दुचाकीत बहुधा ही सोय नसते. ९१ साठी बनवलेल्या इंजिनात ९५ चे पेट्रोल ओतले म्हणून ते अधिक जोरात पळत नाही.

उलट इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे ऑक्टेन वर गेला आणि ऊर्जा खाली आली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिलेला आहे. जुन्या दुचाकीवर दिवसाला १५० किलोमीटर फिरून घरोघरी सामान पोचवणाऱ्या पोराचा हिशेब मांडा. ५० च्या मायलेजने त्याला रोज ३ लिटर पेट्रोल लागते. अहवालाचाच अंदाज धरला तर महिन्याकाठी जवळपास ३ लिटर जादा जळते. तेवढे पैसे त्याच्या मजुरीतून जातात. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील, हेही मंत्रालयाने मान्य केले आहे. तो खर्चही त्याचाच!

ऑक्टेनची किंमत भलत्यानेच मोजावी, हे काही आजचे नाही. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी शिशाचे एक रसायन नॉकिंग थांबवते हे शोधले. अल्कोहोलनेही ते थांबते हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोलचे पेटंट कोणाला मिळणार? शिशाचा मार्ग नफ्याचा ठरला. विकताना नाव ठेवले 'इथाइल', शिसे हा शब्द नावातून गायब! १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे ते रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन तडफडून मेले, कित्येक इस्पितळात गेले. तरी ते पेट्रोल जगभर विकले गेले आणि मुलांच्या मेंदूला इजा करणारे शिसे रस्त्याकडेच्या वस्त्यांच्या हवेत मिसळत राहिले. भारतात ते २००० साली थांबले, अल्जीरियात २०२१ साली.

इथेनॉल हे शिसे नव्हे. शिशापेक्षा ते कितीतरी बरे. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, ऊस आणि मक्याला गिऱ्हाईक मिळते, हेही खरे. आमचा विरोध इथेनॉलला नाही, अर्धे सत्य सांगून पूर्ण पैसे वसूल करण्याला आहे. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. पण म्हणून सरकारची जबाबदारी संपली काय? प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण आणि ऑक्टेन मराठीत लिहिलेच पाहिजे. लिटरमागे ऊर्जा कमी मिळत असेल तर भावही त्या प्रमाणात कमी हवा. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे मिश्रण मिळाले पाहिजे.

आणि वाचकांनीही एक करावे. गाडीच्या पुस्तिकेत ९१ ऑक्टेन लिहिले असेल तर महागड्या 'प्रीमियम' पेट्रोलवर पैसे घालवू नयेत. खटखट येऊ लागली तर आधी मिस्त्रीकडून प्लग, टायमिंग आणि साचलेला कार्बन तपासून घ्यावा. पंपावरचा मोठा आकडा पाहून भुलण्याचे कारण नाही, तो कशाचा आकडा आहे हे विचारावे.