पायाने लिहिलेली हुंडी

गिटारवादकाचे दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात. गाण्याच्या मध्येच आवाजाचा रंग पालटावयाचा झाल्यास त्याला माउसकडे हात नेता येत नाही. ते काम पायाकडेच सोपवावे लागते. अलीकडे पुष्कळ तरुण पेडलांची लांब रांग मांडण्याऐवजी लॅपटॉपवरील ‘अँप्लिट्यूब’ किंवा ‘गिटार रिग’सारख्या सॉफ्टवेअरवर वाजवितात आणि त्यासाठी फूट कंट्रोलर घरी आणतात. तो जोडला जातो, दिवे लागतात. आवाज मात्र बदलत नाही. आठवड्याभरात यंत्र पलंगाखाली जाते, आणि हा खर्च वाया गेला, मुलाचा छंद चार दिवसांचाच होता, असा निकाल वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात. हा निकाल घाईचा असतो. यंत्र बहुधा निर्दोष असते; समजूत चुकलेली असते.

गिटारचा आवाज या पेटीतून जातो, ही ती समजूत. आवाज ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात जातो. कंट्रोलरच्या तारेतून जातात ते केवळ आकडे. हुंडीच्या कागदात रोकड नसते, अमक्याने अमकी रक्कम द्यावी एवढा आदेश असतो, तसेच हे. या आदेशांची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील व्यापारी प्रदर्शनात ‘सिक्वेन्शियल’ आणि जपानची ‘रोलंड’ या प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये प्रथमच एका तारेने जाहीरपणे जोडली गेली. त्याबद्दल डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. स्पर्धकांनी एकच चलन मान्य केले, म्हणून आज कोणाचाही कंट्रोलर कोणत्याही सॉफ्टवेअरशी बोलू शकतो.

मात्र हुंडीवरील पत्ता बरोबर हवा. मिडीचे चॅनल १६. दोन्ही बाजूंचा चॅनल एकच असावा, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून ते उपकरण निवडलेले असावे. ‘बेरिंजर एफसीबी १०१०’ या प्रचलित कंट्रोलरला यूएसबीची सोय नाही, पाच पिनांची गोल जोडणी आहे. म्हणजे मिडी-यूएसबी इंटरफेसचा खर्च खरेदीपूर्वीच धरावयास हवा. कंट्रोलरचे ‘आउट’ इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जाते. स्वस्त केबलींवरील लेबले संभ्रमात टाकणारी असतात. आदेश पोहोचत नसल्यास टोके बदलून पाहावीत, त्याने नुकसान होत नाही.

आदेश मुख्यतः दोन प्रकारचे. ‘प्रोग्रॅम चेंज’ संपूर्ण प्रीसेट बदलतो. ‘कंट्रोल चेंज’ एखादीच कळ किंवा बटण हलवितो, ० ते १२७ या मापात. पहिल्यात एकाचा फरक वारंवार आढळतो, कारण काही उपकरणे शून्यापासून मोजतात, काही एकापासून. तिसरा प्रीसेट मागावा आणि चौथा यावा, याचे कारण बहुधा एवढेच. दुसऱ्यासाठी ‘मिडी लर्न’ ही उत्तम सोय आहे: पडद्यावरील बटण निवडावे, पायाने कळ दाबावी, नोंद आपोआप होते. कळ दाबून धरली तरच इफेक्ट चालतो आणि पाय उचलताच बंद पडतो, असे झाल्यास तिचा प्रकार ‘मोमेंटरी’वरून ‘टॉगल’वर न्यावा. वाह पेडल टाच टेकविल्यावर ० आणि पंजा दाबल्यावर १२७ दाखवीत नसेल, तर कॅलिब्रेशन करावे. अन्यथा वाह कधीच पूर्ण उघडत नाही.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर त्याचा दोष कंट्रोलरला देऊ नये. तो बफरचा प्रश्न आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने असता १२८ नमुन्यांचा बफर सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. १,०२४ चा घेतला, तर २३, आणि हा उशीर बोटांना जाणवतो.

एफसीबीमध्ये १० बँका, प्रत्येकीत १० जागा, म्हणजे १०० प्रीसेट. एका कार्यक्रमास चार-पाच पुरतात, ते एकाच बँकेत शेजारी-शेजारी असावेत. कळ, चॅनल, आदेश आणि परिणाम अशा चार रकान्यांची नोंद कागदावर ठेवावी. सॉफ्टवेअर नव्याने टाकावे लागले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवावयाचे असले, तर त्या कागदावरून सारी मांडणी रात्रीतून पुन्हा उभी करता येते.