खाण देताना पाणीवाल्यांनाही विचारा

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे फ्रीमॉंटला आले होते. संध्याकाळी आम्ही क्वॉरी लेक्सला फिरायला जायचो. एक दिवस बाबांनी विचारलं, "धरण तर कुठं दिसत नाही. मग एवढं पाणी अडवलंय कशानं?" म्हटलं, "बाबा, ह्या खडीच्या जुन्या खाणी आहेत." त्यांना पटेना. आमच्या गावामागेही दोन पडीक खाणी आहेत. पावसाळ्यात काठोकाठ भरतात. कुंपण नाही, उतरायला वाट नाही. तिकडे फिरकायचं नाही, असा लहानपणी आम्हाला सक्त दम असायचा. आणि उन्हाळ्यात त्याच खाणींवरून गावात पाण्याचा टँकर येतो.

इथं काय वेगळं झालं, ते सांगण्यासारखं आहे. फ्रीमॉंट, नेवार्क आणि युनियन सिटीला पाणी पुरवणारी अलमीडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट ही १९१४ सालची सार्वजनिक संस्था. भूजलाचा उपसा इतका वाढला, की खाडीचं खारं पाणी जमिनीखालून विहिरींत शिरू लागलं. त्यावर उपाय म्हणून अलमीडा क्रीकवर हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे घातले. अडवलेलं पाणी जुन्या खाणींत सोडतात, ते मुरतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटतं. २००१ पासून तिथं लोकांसाठी उद्यानही आहे.

पण प्रत्येक खड्ड्याचं नशीब असं नसतं. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये उघड्या खाणींसाठी कायदा केला. परवाना तर लागतोच. पण खोदकाम संपल्यावर जमिनीचं काय करणार, याचा मंजूर आराखडा आणि त्या कामाच्या खर्चाइतकी आर्थिक हमी आधी द्यावी लागते. हमीची रक्कम दरवर्षी नव्याने तपासतात. कंपनी काम टाकून गेली तर त्या पैशातून जमीन सावरता येते. वार्षिक तपासणीसाठी बाहेरचा तज्ज्ञ नेमला, तर गेल्या १२ महिन्यांत त्याने तिथल्या खाणवाल्यांकडे नोकरी केलेली चालत नाही.

याच क्रीकच्या वरच्या अंगाला लिव्हरमोर आणि प्लेझंटनच्या मध्ये खडीच्या मोठ्या खाणी आहेत. १९८१ मध्ये काउंटीने त्या सगळ्या पट्ट्याचा एकत्र आराखडा केला. खोदकाम संपेल तसे खड्डे झोन ७ या पाणी संस्थेकडे द्यायचे आणि १० तलावांची साखळी करायची, असं ठरलं. चाळीस वर्षं उलटली, तरी बहुतेक तलाव अजून ताब्यात यायचे आहेत. उशीर खटकतोच. पण खड्डा शेवटी कोणाचा आणि कशासाठी, हे लिहून ठेवलेलं आहे. खडी धुतल्यावर उरणारा बारीक गाळ तळाशी बसला की पाणी मुरत नाही. काठ फार उभे ठेवले की ढासळतात. या गोष्टी खणतानाच सांभाळाव्या लागतात, नंतर दुरुस्त करणं महागात पडतं.

मग सगळा कारभार पाणी खात्याकडेच का देऊ नये? माझ्या मते देऊ नये. खाली सुनोलमध्ये खडीच्या खाणींची जमीन सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी खात्याची आहे. भाडं त्यांना मिळतं, परवाना आणि तपासणी मात्र अलमीडा काउंटीची. हेच योग्य आहे. क्रीकच्या कडेला खोल खड्डा खणला की क्रीकचं पाणी झिरपून त्यात उतरतं. ज्याला खड्ड्याचं भाडं मिळतं, त्यानेच त्याच्यावर पहारा करायचा, हे मला पटत नाही. पाणी खात्याला खोली, उतार आणि गाळ यांवर ठाम मत देण्याचा हक्क हवा. शिक्का दुसऱ्याचा हवा.

अशा अटींनी खडी महाग होते, असं बिल्डर म्हणतात. होत असेल. ती खडी आमच्याच नव्या घरांत जाते. थोडे पैसे आम्हीच जास्त मोजावेत.

आपल्याकडे नियमच नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. पण गौण खनिजाचा खाणपट्टा देताना गावच्या पाणी योजनेला कोणी विचारतं का? बाबांनी परत गेल्यावर ग्रामसभेत हा विषय काढला. उत्तर मिळालं, "खाण महसूलची, पाणी जिल्हा परिषदेचं."

नेमकं हेच बदलायला हवं. नवा खाणपट्टा देताना तीन गोष्टी कागदावर याव्यात: शेवटी खड्ड्याचं काय होणार, त्यासाठी अनामत किती आणि पाणी योजनेचं लेखी मत काय. आमच्या गावामागच्या दोन खाणींना आता उशीर झाला. तिसरीसाठी मोजणी झाली आहे, असं बाबा परवा फोनवर सांगत होते. पुढच्या ग्रामसभेत ते पुन्हा विचारणार आहेत.