घरच्या घरी : अडकलेली तोटी

भगिनींनो, स्वयंपाकघरातील मिक्सर नळाची फिरती तोटी जागच्या जागी बसली असेल, तर नळाला बोल लावू नका. बोअरच्या जड पाण्यातला क्षार सांध्यात साचून दगड होतो. ठिबकच्या नळ्यांची भोके बुजवतो, तोच हा.

आमच्याकडे भाच्याने तोटीलाच धरून जोर लावला. तोटी हलली नाही. भिंतीतला पाइप पिळून फुटला आणि ओट्यामागच्या फरशा उखडाव्या लागल्या.

गरम व गार, दोन्ही पाणी बंद करून नळ उघडा, उरलेले पाणी जाऊ द्या. तोटीच्या बुडाशी गोल चाकी असते. काही नळांना मागे बारीक स्क्रू असतो, तो आधी काढा. तो राहिला तर सगळे बळ वाया!

मग फडके लिंबाच्या रसात भिजवून सांध्याला गुंडाळा. तासाभराने हलवून पाहा, नाही सुटली तर पुन्हा गुंडाळा. रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो. ओटा कडप्प्याचा असेल तर खाली ताट ठेवा. तो दगडही चुनखडीचाच, रसाने डागाळतो. आधी तेल मात्र सोडू नका, मग रस आत शिरत नाही.

चाकीवर फडके ठेवून पाना लावा, दुसऱ्या हाताने नळाचे धड घट्ट धरा. चाकी सुटली की तोटी डावी-उजवी हलवत ओढा.

आतली रबरी कडी झिजली असेल, तर बाजारच्या दिवशी ती बरोबर न्या. नुसत्या अंदाजाने माप चुकते.