बाईची कातडी आणि बाईचं ताट

बाईच्या कातडीवर या देशात केवढा मोठा धंदा चालतो! तिच्या ताटात काय पडतं याची चौकशी मात्र कुणी करत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० साली नावातला ‘फेअर’ गाळला आणि ‘ग्लो’ लावला. गोरेपणा गेला, तेज आलं! तेजाबरोबर ‘अँटिऑक्सिडंट’ हा नवा मंत्रही आलाय. क्रीममध्ये तोच, कॅप्सूलमध्येही तोच. यामागचं शास्त्र खोटं नाही. ते कुणाच्या खिशासाठी वापरलं जातं, याच्याशी माझं भांडण आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. गाजर, डांगर, पपई, टोमॅटो यांना केशरी-लाल रंग देणाऱ्या द्रव्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. पालेभाज्यांतही ती भरपूर असतात, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेली. आपलं शरीर ती तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत उपद्रवी रेणू तयार होतात आणि पेशींची नासधूस करतात. कॅरोटिनॉइड या रेणूंना निष्प्रभ करतात. त्यांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. ते फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, कातडी खरखरीत होते, आजाराशी झुंजण्याची ताकद घटते.

जर्मनीतला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट तेलासह खाणाऱ्यांची कातडी दहा आठवड्यांनंतर अतिनील किरणांनी इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी लाल झाली. म्हणजे टोमॅटो खाल्ला की ऊन बाधत नाही असं नव्हे. डोक्यावरचा पदर, अंगभर कपडा आणि झाडाची सावली यांची जागा कुठलंच अन्न घेत नाही. अन्न आतून थोडा आधार देतं, तेही नियमित मिळालं तर.

आता हे शास्त्र घेऊन नाशिक जिल्ह्यात या. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर राबणाऱ्या बायकांमध्ये मी काम करते. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहून इथे येतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला फडकं, आणि भर उन्हात टोमॅटोची तोडणी. क्रेट भरतात, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातात, तिथून दूरदूरच्या शहरांत. कातडीला आधार देणारा तो लाल रंग दिवसभर तिच्या हातांतून जातो. दुपारी तिच्या फडक्यातून निघते भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आले आणि शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरावर गेला. पडत्या भावात शेतकरी मरतो, चढत्या भावात मजूर बाईची भाजी जाते. रस्त्यावर ओतला जाणारा माल अंगणवाडीत, आश्रमशाळेत पोहोचवण्याची व्यवस्था आपल्याकडे का नसावी?

आणखी एक गोष्ट. कॅरोटिनॉइड अंगी लागायला अन्नात थोडं तेल लागतं. टोमॅटोतला लाल रंग तर शिजवल्यावर अधिक चांगला शोषला जातो. पण आपल्या घरांत तेलाची तर्री आणि भाजीच्या फोडी आधी कुणाच्या ताटात जातात, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी जेवणारीच्या वाट्याला येतो पातेल्याच्या तळाचा रस्सा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हा ब्यूटी पार्लरचा प्रश्न आहे का?

तरीही बचत गटाच्या मेळाव्यात कुणीतरी कॅप्सूलची बाटली घेऊन येतं आणि म्हणतं, ‘बायांनो, तुम्ही स्वतःकडे लक्षच देत नाही.’ म्हणजे दोष पुन्हा बाईचाच! गोळी म्हणजे अन्न नव्हे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले, तेव्हा बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अन्नात जे हितकारक, ते गोळीत दाबून भरलं की हितकारकच राहील असं नाही. आणि ज्या सावळ्या रंगाची लाज बाळगायला आपल्याला शिकवलं, तो रंग तर कातडीनं उन्हापासून स्वतःच उभी केलेली ढाल आहे. ती ढाल घासून काढायची आणि वर संरक्षणाची गोळी विकत घ्यायची, हा कुठला न्याय?

सरकारलाही बाईचं ताट आठवतं ते तिच्या पोटात मूल असलं की. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. योजना चांगलीच आहे. पण मूल नसलेली, मुलं मोठी झालेली, एकटी, म्हातारी बाई उन्हात राबत नाही का?

म्हणून आपल्या गटांनी या मागण्या लावून धराव्यात. मळ्यावर सावली, पाणी आणि जेवणाची सुट्टी हवी. मजुरी भाजी-तेल परवडेल इतकी आणि पुरुषाच्या बरोबरीची हवी. अंगणवाडीतलं जेवण प्रत्येक कष्टकरी बाईला खुलं हवं. शेवगा, राजगिरा, डांगर दारात लावाच, पण जमीनच नसलेल्या बाईला परसबागेचा उपदेश करू नका.

आणि एक काम आजच्या रात्रीपासून करता येईल. घरातली सगळी माणसं एका वेळी जेवायला बसवा, आणि भाजी सर्वांना सारखी वाढा. भांडण होईल. होऊ द्या.