नदीची वाट जाणणारे कुठे आहेत?

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वडोदऱ्याच्या वस्त्यांत पाण्याबरोबर मगरीही शिरल्या. पाऊस असाधारण होता. परंतु काठच्या घळी बुजवून आणि पूरमैदानात बांधकामे उभारून नदीची वाट अरुंद झाली होती, हेही तितकेच खरे. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी गाळाच्या सपाट प्रदेशातून वळणे घेत वाहते. अशा नदीला पसरण्यास जागा लागते, हा भूविज्ञानाचा प्राथमिक धडा आहे.

तो धडा याच शहरात शिकवला जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग मही खोऱ्यातील गाळाचे थर आणि कच्छमधील भूकंपप्रवण भ्रंश यांवरील संशोधनासाठी ओळखला जातो. अशा शिक्षणानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण वा केंद्रीय भूजल मंडळात प्रवेश मिळू शकतो. तेल आणि खनिज उद्योगही खुले असतात.

पर्यावरणाशी थेट निगडित खासगी रोजगार मात्र प्रामुख्याने सल्लागार संस्थांत आहे. २००६ च्या अधिसूचनेने अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन अनिवार्य केले आणि भूजल, माती, खडक जाणणाऱ्यांची गरज वाढली. मेख इथेच आहे. सल्लागाराची निवड प्रकल्पाचा प्रवर्तक करतो आणि मानधनही तोच देतो. प्रतिकूल निष्कर्ष लिहिणाऱ्या तरुण भूवैज्ञानिकाच्या पाठीशी कोण उभे राहणार?

दुसरीकडे, महापालिकांत अभियंते आणि नगररचनाकार असतात. भूवैज्ञानिकाचे पद क्वचितच आढळते. पुरानंतर २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीचे खोलीकरण आणि रुंदीकरण हाती घेतले गेले. परंतु बांधकाम परवाना देतानाच पूरमैदानाची सीमा पाहणारा तज्ज्ञ असता, तर पुढचा खर्च काही अंशी तरी टळला असता.

गोव्यासाठी हा प्रश्न परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तरी खाणींचे खंदक, टाकाऊ मातीचे ढिगारे आणि डोंगरकापणीचे प्रश्न उरलेच. गोवा विद्यापीठातही भूविज्ञान शिकवले जाते. नगरनियोजन, पंचायत आणि जलस्रोत खात्यांत या पदवीधरांना अधिकारासह स्थान मिळाले, तरच या शिक्षणाचा समाजाला उपयोग होईल. अन्यथा दुर्घटनेनंतर कारणे सांगण्यापुरतेच त्यांना बोलावले जाईल.