पदर म्हणजे मास्क नव्हे

जिनिंगच्या दारात उभं राहिलं की आतल्या बायका चटकन ओळखू येत नाहीत. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचे तंतू. तोंडाला पदर आवळलेला, दिसतात फक्त डोळे, तेही लाल. यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये मी मुकादमाला मास्कबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, "बायायचं बरं असते मॅडम, त्यायले पदर आहे."

हा पदर काय काय झाकतो! रुईचे लांब तंतू तो अडवतो, म्हणून तो कामाचा वाटतो. फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ मात्र त्याच्या विणीतून आणि कडेच्या फटींतून सरळ आत जाते. त्या धुळीत नुसती रुई नसते. बोंडाभोवतालच्या वाळलेल्या पानांचा चुरा, माती, बुरशी, जिवाणू सगळं असतं. या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन छाती आवळण्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आजाराचं नाव बिसिनोसिस. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो आहे. जिनिंगमधल्या एकाही बाईच्या दवाखान्याच्या कागदावर मात्र मी तो पाहिलेला नाही.

क्ष-किरणात या आजाराची स्वतःची अशी खूण दिसत नाही. फुंकून घ्यायची श्वासाची तपासणी कामाआधी आणि कामानंतर करावी लागते, आणि मुख्य म्हणजे बाईला विचारावं लागतं. पुस्तकातला प्रश्न असा: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती भरून येते का? आठवड्याची सुट्टी मिळणाऱ्या गिरणी कामगाराला तो लागू पडतो. इथे माल आला की सलग पंधरा दिवस काम, माल थांबला की घरी. हिचा सोमवार कुठला धरायचा? डॉक्टर तो प्रश्न विचारतच नाहीत. विचारतात, "घरी चूल आहे का?" आहे म्हटलं की संपलं. चूल छातीला वाईट हे खरंच, पण इथे ती मालकाच्या कामी येते.

आता आपल्याकडे वळते. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्ही शिकलो की मास्क हा शेवटचा उपाय; आधी धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घ्या. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम १४ हेच सांगत होतं. तत्त्व बरोबर आहे. पण त्या तत्त्वाचा आधार घेऊन आपण कार्यकर्त्या वर्षानुवर्षं रेस्पिरेटरची मागणीच करत नाही, "मास्क म्हणजे मालकाची पळवाट" म्हणतो आणि बाई पदरावरच राहते. मीही हे बोलले आहे. अमेरिकेत १९७८ साली कापसाच्या धुळीचा नियम झाला तेव्हा मालकांना यंत्रं सुधारायला मुदत दिली, आणि तोवर कामगारांना रेस्पिरेटर द्या असं बजावलं. गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८१ मध्ये हरले. (जिनिंग तिथेही नियमाबाहेरच ठेवलं!)

आपल्याकडे २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जिनिंगचं आधुनिकीकरण झालं. रुईत कचरा राहिला तर भाव पडतो, म्हणून रुई स्वच्छ करायला पैसा मिळाला. बाईच्या छातीला भाव नाही. त्यात २०२० च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. ठेकेदाराच्या हजेरीत चार नावं कमी लिहायला काय लागतं?

म्हणून दोन्ही मागायचं, आणि नेमकं मागायचं. करोनात वाटले तसले निळे पातळ मास्क नकोत. ते धुळीसाठी नाहीत. भारतीय मानक ९४७३ चा, निदान एफएफपी-२ दर्जाचा रेस्पिरेटर हवा, लहान चेहऱ्याच्या मापातही हवा. गालाशी फट राहिली तर तो पदरच झाला. म्हणून प्रत्येकीला घालून, कडेने हवा येत नाही ना हे तपासून द्यायचा. ओला झाला, कोंदला की बदलून द्यायचा. तो लावून श्वास जड होतो, गरम होतं. त्यामुळे मध्ये मोकळ्या हवेत बसायला भरपगारी वेळ हवा. हे मी बायकांपुढे मांडलं तेव्हा एक मावशी लगेच म्हणाल्या, "मजुरीतून कापतीन ना ताई?"

दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. मागणीपत्रात पहिल्या ओळीत मावशींचा प्रश्न आहे: रेस्पिरेटरचा एक पैसाही मजुरीतून कापायचा नाही.