हिरवळ वर, निचरा खाली



लग्नाच्या हॉलमध्ये दिसणारे प्लॅस्टिकचे हिरवे गवत आता कराड, सातारा, सांगली, मिरजेच्या बाजारात चौरस फुटावर विकत मिळते. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, पोरे पायाने तो घरात आणतात, म्हातारी माणसे घसरून पडतात. तेव्हा हे गवत अंथरावे असे अनेकांना वाटते. वाटण्यात गैर काही नाही. पण पैसा घामाचा आहे, म्हणून आधी हिशोब समजून घ्यावा.

हे गवत मुळात खेळाच्या मैदानाचे. १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम मैदानात ते अंथरले गेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली आणि मातीत-गवतात वाढलेल्या आपल्या खेळाडूंना ते जड गेले. आता ते अंगणापर्यंत आले आहे. पण अंगणाखालची माती काही बदललेली नाही.

आपल्याकडे जुन्या बोलीत शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. गाव पांढरीवर वसायचे, कारण काळ्या मातीत घर उभे राहत नाही. आपल्या वस्त्या मात्र गावकुसाबाहेर. अनेक गावांत उताराची, पाणी साचणारी काळीच जागा वाट्याला आली. भिंतीला तडे आणि दारात चिखल हा आपल्या आयाबहिणींच्या निष्काळजीपणाचा दोष नाही, तो जागेचा आहे.

कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एकदा फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही. अशा मातीवर नुसते गवत अंथरले, तर पाणी त्याच्या भोकांतून खाली उतरते आणि तिथेच कुजते. पहिल्याच पावसाळ्यात वास, डास आणि उंचवटे सुरू होतात. दुकानदार गवत विकतो, खालचे काम सांगत नाही.

काम करायचेच तर असे करावे. मे महिन्यात माती भेगाळलेली असते, तेव्हा करू नये. पाऊस पडला की ती फुगून सगळे वर उचलते. भर पावसातही नको. पावसाळा सरल्यावर जमिनीला वापसा आला की करावे. सहा इंच माती काढावी. तळाला घरापासून बाहेरच्या बाजूला दर पाच फुटांना एक इंच उतार द्यावा, म्हणजे पंधरा फुटांत तीन इंच. भिंतीच्या पायाशी पाणी थांबता कामा नये. तळावर जिओटेक्स्टाईलचे कापड अंथरावे, नाहीतर खडी हळूहळू चिखलात बुडते. त्यावर चार इंच खडी धुम्मसाने ठोकून बसवावी. वर एक इंच क्रशरची कच. उताराच्या शेवटी छोटी चर खणून त्यात भोके पाडलेला पीव्हीसी पाईप टाकावा, त्याभोवती खडी भरावी आणि पाईपाचे तोंड गटारीला काढावे. काळ्या मातीत पाणी खाली मुरत नाही, म्हणून त्याला बाजूने वाट दिलीच पाहिजे. ही वाट नसेल तर खणलेला खड्डा म्हणजे तळे. कडेला विटांची ओळ बसवावी आणि सगळ्यात शेवटी गवत.

आता आकडे. समजा अंगण दहा बाय पंधरा, म्हणजे दीडशे चौरस फूट. गवताचा रोल बहुधा साडेसहा फूट रुंद असतो. सगळे अंगण झाकायचे तर उभे घ्या की आडवे, १९५ चौरस फूट विकत घ्यावे लागते आणि ४५ फूट कापून फुकट जाते. त्याऐवजी दहा फुटांचे दोनच तुकडे घ्या. १३० चौरस फूट झाकले जाते, वाया काही जात नाही. उरलेल्या दोन फुटी पट्ट्यात गवती चहा, कढीपत्ता लावा. काढलेली काळी माती तिथेच कामी येते. १३० फुटांना चार इंच खडी म्हणजे सुमारे ४३ घनफूट, तेव्हा अर्धा ब्रास आणावी. कच अकरा घनफूट.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भर उन्हात हे गवत साठ अंशांच्याही वर तापू शकते, त्यामुळे दुपारी लहान मुलांना त्यावर अनवाणी सोडू नये. चूल, शेगडी, फटाके तर त्यावर नकोतच, ते वितळते. दुसरे म्हणजे, ज्यांच्या घरात २००५, २०१९ किंवा २०२१ चा पूर आला, त्यांनी या वाटेला जाऊ नये. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराचा गाळ गवतात बसला की धुऊन निघत नाही.

माझे मत विचाराल तर आधी खालचे काम करा. उतार, खडी आणि चर झाली की वर मुरूम किंवा शहाबादी फरशी टाकली तरी चिखल जातो. हिरवळ नंतर, हातात पैसे राहिले तर. साखरपुड्याला फोटो छान यावा म्हणून बचत गटाचे कर्ज गवतावर घालू नये. ते पैसे मुलांच्या फीसाठी लागतात.

आणि आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडू नका. गटार नसेल तर दहा घरांनी मिळून ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी जिल्हा परिषदेमार्फत योजना आहे आणि तिच्यात गटारीचे काम बसते. अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा. गटार वस्तीच्या हक्काची आहे. ती झाली की अंगणात गवत असो वा मुरूम, पाय कोरडे राहतील.